सागाच्या फांद्यांखालचं घर

"इथं," असं म्हणून म्हाताऱ्यानं फ्रेमच्या काचेवर बोट टेकवलं आणि मी खेकसलो, "अहो, काचेला हात लावू नका!"

काय करणार, सवय. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आधी ओरडायचं आणि मग विचार करायचा, हे अंगात मुरलंय. म्हाताऱ्यानं बोट मागं घेतलं, पण फोटोवरची नजर काढली नाही. त्याच्यासोबत आलेली त्याची मुलगी, असेल वीस-एकवीस वर्षांची, दारात चपला काढून उभी होती. बाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. दोघं डोंगरातल्या आपल्या पाड्यावरून पहाटेच्या जीपनं तळोद्याला उतरले होते आणि तिथून एसटीनं नंदुरबारला माझ्या घरी पोचले होते. बाप मला ओळखत होता. मी त्याला ओळखलं नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

"बाबा म्हणतात, आमचं घर तिथं आहे," मुलगी म्हणाली.

"कुठं? मला तर काही दिसत नाही."

"नाहीच दिसत सर. म्हणून तर आलोय."

तो फोटो म्हणजे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं काम. सातपुड्यातली एक दरी, भाद्रपदातली. समोरचा उतार हिरवागार, त्यावरून ढगाचा पट्टा सरकतोय, एका कोपऱ्यात पाण्याची बारीक धार. माणसाचा मागमूस नाही. मी त्याला नाव दिलं होतं 'निर्मनुष्य'. फोटोला बक्षीस मिळालं, तो एका कॅलेंडरवर छापला गेला, मोठा करून दोन-तीन कचेऱ्यांच्या भिंतींवर लागला. माझ्याही बाहेरच्या खोलीत वीस वर्षांहून जास्त काळ तो लटकलाय. आलेल्या प्रत्येक माणसाला मी तो दाखवतोच. नाही बघितला तर मला राग येतो.

असे फोटो काढायचं वेड मला का लागलं, ते थोडं सांगायला हवं. मी मूळचा रनाळ्याचा. घरात अठरा माणसं, आणि शिवारात हातभर जमीन नांगरल्याशिवाय सुटलेली नाही. जिकडं बघावं तिकडं कुणाचा तरी बांध, कुणाची तरी विहीर, कुणाचं तरी भांडण. पाऊस उघडला आणि हवा स्वच्छ झाली की उत्तरेला लांबवर सातपुड्याची निळी रेघ दिसायची. मला वाटायचं, तिकडं कुणीच नसेल. पृथ्वी तयार झाली त्या दिवशी जशी होती तशीच तिथं असेल, ना कुणाची हाक, ना कुणाचा हिशेब. पुढं नोकरी लागली, कॅमेरा घेतला आणि सुट्टी मिळाली की डोंगर गाठायला लागलो. तिथं माणसं होती, भरपूर होती. पण मी माझ्या मनातला डोंगर शोधत होतो. मग काय, चौकटीत गाय आली तर हाकल, वाळत घातलेलं लुगडं दिसलं तर काढायला लाव, वाटेवरून कुणी चाललं असेल तर तो दिसेनासा होईपर्यंत थांब. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कधीच नाही.

मुलीनं पाठीवरची सॅक पुढं घेतली, प्लास्टिकची फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. वनहक्काचा दावा होता. जंगलातली जमीन तुम्ही कायद्यानं ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून कसताय आणि तिथं राहताय, हे सिद्ध केलं तर तिचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद मिळतो. त्याला दोन तरी पुरावे लागतात. पाड्यावरच्या एका वृद्धाचा जबाब यांच्याकडं होता, दुसरा पुरावा नव्हता. दावा एकदा फेटाळला गेला होता. आता पुन्हा सुनावणी लागली होती, आठ दिवसांवर.

"मागच्या सुनावणीला साहेबांच्या खुर्चीमागं हाच फोटो होता," ती म्हणाली. "साहेबांनी वळून बोट दाखवलं. म्हणाले, ही तुमचीच दरी ना? हा त्याच काळातला फोटो. मग दाखवा, कुठंय घर? मी फोटोखालचं तुमचं नाव वाचून आले."

आता मला म्हातारा आठवला होता.

तेव्हा तो तिशीतला असेल. मी खालच्या गावातल्या शाळेत मुक्काम करून रोज अंधारात निघायचो आणि तासभर चढून नाल्याअलीकडच्या एका कातळावर कॅमेरा लावायचो. नाल्यापलीकडं, समोरच्या उताराच्या बरोबर मधोमध, याचं कुडाचं घर. घरातून धूर निघायचा तो सगळ्या दरीवर पसरायचा. पहिल्याच दिवशी मी त्याच्याकडं गेलो आणि माझ्या भाषेत बोललो, म्हणजे ओरडलो. घर मध्ये येतंय, सगळा सत्यानाश होतोय. तो घाबरून म्हणाला, "फोटोत घर येणार?" मी म्हणालो, "येतंय ना, तेच तर वांधं आहे." "नको यायला ना?" "मुळीच नको." तर तो काय खूश झाला! पळत गेला, सागाच्या, पळसाच्या फांद्या तोडून आणल्या आणि सगळं छप्पर, समोरची भिंत झाकून टाकली. शेळ्या वर हाकलल्या. चूल विझवली. नाल्याअलीकडून बघितलं तर घर गायब.

ही गोष्ट मी वीस वर्षं सांगतोय. बक्षीस समारंभात सांगितली, शाळेत पोरांना सांगितली, पाहुण्यांना सांगितली. 'त्या न शिकलेल्या माणसाला निसर्गाचं सौंदर्य माझ्या आधी कळलं होतं', असं शेवटी म्हणायचं आणि टाळ्या घ्यायच्या. म्हाताऱ्यालाही मी तेच ऐकवलं. म्हटलं, "दादा, तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी एवढं केलंत, मी विसरलेलो नाही."

म्हातारा मुलीकडं बघून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला. मुलगी खाली बघायला लागली.

"काय म्हणतात?"

"सर, राग मानू नका. बाबा म्हणतात, तुमच्यासाठी नव्हतं केलं. त्यांना वाटलं तुम्ही मोजणीवाले आहात. तेव्हा जंगलात घर दिसलं की अतिक्रमण म्हणायचे, पाडायचे. फोटोत घर आलं की कागद होणार, कागद झाला की माणसं येणार. तुम्ही स्वतःच घर नको म्हणालात. त्यांना वाटलं, भला माणूस आहे, आपल्याला वाचवतोय."

भला माणूस! कुणीतरी भरचौकात कान पकडून उभं करावं, तसं झालं मला. म्हणजे वीस वर्षं मी ज्याला माझ्या कलेचा मान समजत होतो, ती त्या माणसाची भीती होती. आणि कायद्याचा खेळ बघा. तेव्हा घर दिसलं असतं तर पडलं असतं. आता दिसत नाही म्हणून जाणार. दोन्ही वेळा मध्ये मी आणि माझा कॅमेरा.

"मूळ फिल्म असेल ना तुमच्याकडं?" मुलीनं विचारलं. "एखाद्या फोटोत तरी असेल ना घर?"

"बघतो," मी म्हणालो. खरं म्हणजे त्याच क्षणी मला माहीत होतं, की नसणार. घर दिसेल असा फोटो मी काढला असता तर मी मी कसला?

ते गेले आणि मी माळ्यावर चढलो. या साठीत शिडीवर चढू नका म्हणून बायको खालून ओरडत होती. दोन घरं बदलताना निगेटिव्हचे खोके इकडचे तिकडं झाले होते. एका खोक्यात पाणी गेलेलं, पट्ट्या एकमेकींना चिकटून बुरशी धरलेली. सुनावणीला सहा दिवस राहिले, पाच राहिले. मी जेवायला उठेना, फोन घेईना. "काय धुंडी ऱ्हायनात एवढं? कोणनं काय हारायनं?" बायकोनं अहिराणीत विचारलं, म्हणजे एवढं काय शोधताय आणि कुणाचं काय हरवलंय. मी तिच्यावरच भडकलो. ती गप्प बसणारी नाही. म्हणाली, "मन्हावर काय वरडतस? फोटो तुम्हीच काढात ना?" खरं होतं. मी पुन्हा माळ्यावर चढलो.

चौथ्या दिवशी सापडलं. 'सातपुडा, भाद्रपद' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं लॅबचं पाकीट, वर लॅबचा शिक्का आणि तारीख. तारीख कायद्याच्या मुदतीच्या चांगली आधीची. काचेखाली ट्यूब लावलेल्या माझ्या जुन्या टेबलावर पट्ट्या पसरल्या आणि भिंग लावून एकेक चौकट बघत गेलो. पहिला दिवस: घर नाही. दुसरा दिवस: धुकं, घर नाही. माझंच काम, आणि किती चोख! एक चूक सापडावी म्हणून मी स्वतःच्याच फोटोंत डोळे खुपसून बसलो होतो आणि एक चूक सापडत नव्हती. एवढी चिडचिड मला आयुष्यात कधी झाली नसेल.

तिसऱ्या दिवसाची पट्टी मी तेव्हा नापास केली होती. कडेला फुलीसुद्धा मारलेली. का नापास केली ते आठवेना. भिंग लावलं. हिरव्या उताराच्या मधोमध एक वेगळा डाग. पट्टी स्कॅन करून कॉम्प्युटरवर मोठी केली तेव्हा उलगडा झाला. तोडलेल्या फांद्या तीन दिवसांत सुकल्या होत्या. भाद्रपदात सगळी दरी हिरवी आणि तेवढाच तुकडा तांबूस, चौकोनी, दोन बाजूंनी उतरता. छपराचा आकार जसाच्या तसा. आता आठवलं. "त्या तांबड्या ठिपक्यानं वाट लावली" म्हणून मी तेव्हा कातळावर उभा राहून शिव्या घातल्या होत्या.

मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मग होईल ना सर आमचं?" मी हो म्हणालो. मोठ्या तोंडानं हो म्हणालो.

सुनावणीला बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. म्हाताऱ्यानं पांढरा धुतलेला सदरा घातला होता आणि गुडघ्यांवर हात ठेवून तो ताठ बसला होता. तीन तास त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. आमचं नाव पुकारलं तेव्हा जेवणाची सुट्टी जवळ आलेली. आत साहेब, बाजूला लिहिणारे लिपिक, आणि खुर्चीमागं माझा 'निर्मनुष्य'. एवढा मोठा केलेला मी तो पहिल्यांदाच बघितला. खरं सांगतो, तिथंसुद्धा पहिला विचार मनात आला तो हाच, की रंग छान आलेत. लाज वाटते, पण आला.

साहेब तरुण होते, शांत. मी निगेटिव्ह, पाकीट, मोठी केलेली प्रत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पाकिटावरची तारीख वाचली, फोटो उजेडाकडं धरला, पुन्हा ठेवला.

"हा पाचोळ्याचा ढीग आहे."

"पाचोळा नाही साहेब, छप्पर आहे. वर फांद्या टाकल्यात. मी टाकायला लावल्या."

"तुम्ही? का?"

"घर फोटोत येत होतं म्हणून."

त्यांनी मागं वळून भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. "म्हणजे हा फोटो खोटा?"

वीस वर्षांच्या टाळ्या मी त्या एका प्रश्नात परत केल्या. "हो," मी म्हणालो. "खोटाच म्हणा. माणसं होती, मी काढून टाकली."

"बरं, छप्पर आहे असं धरू," ते म्हणाले. "पण छप्पर म्हणजे घर नव्हे. पावसाळ्यात गुरांसाठी असे मांडव घालतात. माणूस राहत नसेल तर वास्तव्याचा पुरावा होत नाही. तुम्ही आत गेला होतात?"

"नाही."

"चूल बघितली?"

"धूर बघितला. मी विझवायला लावली."

"धूर गुराख्याचाही असतो. मग तिथं कुटुंब राहत होतं, हे तुम्ही कशावरून सांगता?"

घोडं तिथं येऊन अडलं. म्हातारा माझ्या तोंडाकडं बघत होता. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. अजून अर्धं मिनिट मी गप्प राहिलो असतो तर फाइल मिटली असती. उत्तर माझ्याजवळ होतं, पहिल्या दिवसापासून होतं. पण ते मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"बाळ रडत होतं," मी म्हणालो.

"काय?"

"आत तान्हं बाळ होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे चूल विझवली आणि थोड्या वेळानं ते रडायला लागलं. नाल्याच्या अलीकडं ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशीही. आवाजावरून कळत होतं, फार तर आठ-दहा दिवसांचं असेल. साहेब, मी खेड्यात वाढलोय. बाळंतिणीच्या खोलीत शेक नसेल तर काय होतं, हे मला न कळायला मी काय आभाळातून पडलो होतो? पाऊस होता, धुकं होतं, अंगात स्वेटर घालून मी काकडत होतो. मला सगळं कळत होतं. तरी मी ऊन येईपर्यंत चूल पेटवू दिली नाही. आणि खरं तर फोटो मला पहिल्याच दिवशी मिळाला होता. पुढचे दोन दिवस निव्वळ हावरटपणा."

बोलताना मी मुलीकडं बघितलं नाही. फोटोचं वय आणि पोरीचं वय मी घरीच मनाशी जुळवलं होतं. ते बाळ हीच, आणि आज ही माझ्याशेजारी उभी राहून हे ऐकतेय. साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मग लिपिकाला म्हणाले, "लिहा. जबाब देणाऱ्यानं त्या काळात सदर ठिकाणी कुटुंबाचं वास्तव्य असल्याचं समक्ष अनुभवलं." मी सही केली. "मी शिफारस करून पुढं पाठवतो," साहेब म्हाताऱ्याला म्हणाले. "आता अडचण यायला नको."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात जोडले. आधी साहेबांना, मग मला. मला ते बघवेना.

बाहेर व्हरांड्यात आलो. काहीतरी बोलायला हवं होतं. मुलीला म्हणालो, "पोरी, तुझी माफी मागतो. मला खरंच मागायचीय. त्या थंडीत तुला..."

"मी नव्हते सर," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी नंतरची. दीड वर्षानं झाले. तो माझा भाऊ होता. तुम्ही गेल्यावर चार-पाच दिवसांनी गेला. छाती भरली होती."

ती रागावलेली नव्हती, तेच जास्त कठीण होतं. म्हणाली, "बाबा कुणाला दोष देत नाहीत. म्हणतात, पावसात पोरं जातातच. तुमच्यामुळंच गेला, असं मी पण म्हणणार नाही. काय माहीत. पण आई चुलीजवळ बसली की अजून म्हणते, तेव्हा तीन दिवस विस्तव नव्हता."

म्हातारा पायरीवर बसून बिडी शोधत होता. त्याला आमचं बोलणं ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

"सर," ती म्हणाली, "जबाबात बाळ लिहिलं का त्यांनी?"

"नाही. वास्तव्य लिहिलं."

"त्याचा कुठंच कागद नाही. जन्माचा नाही, मेल्याचा नाही. तुम्ही ऐकलं होतं त्याला. लिहायला लावा ना."

मी परत आत गेलो. लिपिक डबा उघडत होते. म्हणाले, झालं ना तुमचं, आता दोननंतर. माझा आवाज चढला. आयुष्यभर नको तिथं चढला, तो तेव्हा चढला. साहेब खुर्चीतून उठत होते, ते पुन्हा बसले. "एक ओळ राहिलीय," मी म्हणालो, "त्या घरात एक मुलगा होता." साहेबांनी मान हलवली. लिपिकांनी डबा बाजूला सारला, फाइल उघडली आणि पेन टेकवून विचारलं, "मुलाचं नाव?"

मी वळून बघितलं. म्हातारा माझ्यामागून दारापर्यंत आला होता.

"नाव नव्हतं ठेवलं," तो म्हणाला. "ठेवणार होतो."

लिपिकांनी नावाच्या जागी काही लिहिलं नाही. 'एक तान्हा मुलगा' एवढं लिहिलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. मी त्याखाली दुसऱ्यांदा सही केली.